कोणता ट्रक? : इंग्रजीतली उपपदे आणि भिवंडीची माणसे

भिवंडीच्या जुन्या आग्रा रोडवर एखाद्या चहाच्या टपरीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तरी चार-पाच भाषा कानांवर पडतात. आगरी वळणाची मराठी, मोहल्ल्यांतली उर्दू, यंत्रमागावर कामाला आलेल्या पूर्वांचलातल्या माणसांची भोजपुरी, पद्मानगरातल्या विणकर कुटुंबांची तेलुगू, कापडाच्या दलालांची गुजराती. यांतली तेलुगू द्रविड कुळातली, बाकीच्या आर्यभाषा. लिप्या वेगळ्या, वाक्याचा ठेका वेगळा. पण एका बाबतीत त्या सगळ्या सारख्या आहेत. इंग्रजीत नामाआधी जे 'द' लागते, तसे उपपद यांतल्या एकाही भाषेत नाही.

आता याच गावाच्या भोवती माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा, काल्हेर अशी गोदामांची रांग उभी राहिली आहे. मुंबईत येणारा आणि मुंबईतून जाणारा माल इथे उतरतो, मोजला जातो, पुन्हा चढतो. मागाच्या धंद्याचे काम हिंदी-उर्दूत भागत होते. गोदामाचा कारभार मात्र इंग्रजी ईमेलवर आणि इंग्रजी कागदांवर चालतो. बारावी किंवा बीकॉम होऊन गोदामात सुपरवायझर झालेला मुलगा दिवसातून कितीतरी इंग्रजी संदेश पाठवतो. त्याचे शब्द बरोबर असतात, क्रियापदेही बहुतेक बरोबर असतात. अडते ते 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन चिमुकल्या शब्दांपाशी. इंग्रजी छापील मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द 'द' हाच आहे. त्यामुळे तो चुकला की चूक ओळीओळीला दिसते.

मराठीत उपपद नाही, म्हणून निश्चित आणि अनिश्चित हा भेदच मराठी माणसाला परका, असे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीत मुळातच चुकीचे आहे, आणि या प्रकरणात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

'आम्ही मुलगी बघायला चाललो आहोत' आणि 'आम्ही मुलीला बघायला चाललो आहोत' ही दोन वाक्ये घ्या. पहिले ऐकून शेजारीण विचारील, कुठल्या गावची, काय शिकलेली? लग्नासाठी स्थळ बघायला निघालेली मंडळी ती. दुसरे ऐकून ती विचारील, बरी आहे ना आता? कारण इथे मुलगी ठरलेली, माहितीतली आहे. फरक केला तो एका 'ला'ने. कारखान्यातही हेच. 'जॉबर शोधतोय' म्हणजे माग सांभाळणारा कुणीतरी कामाला हवा आहे. 'जॉबरला शोधतोय' म्हणजे आपला जॉबर आत्ता कुठे गेला ते पाहतोय. इंग्रजीत पहिल्याला 'अ जॉबर', दुसऱ्याला 'द जॉबर'.

निर्जीव वस्तूंना 'ला' सहसा लागत नाही. तिथे मराठी शब्दांच्या क्रमाने काम भागवते. 'गोदामात ट्रक उभा आहे' या वाक्यातला ट्रक ऐकणाऱ्याला नवा आहे. 'ट्रक गोदामात उभा आहे' यातला ट्रक दोघांच्या बोलण्यात आधीच येऊन गेलेला आहे, आता फक्त तो कुठे आहे ते सांगितले. इंग्रजीत पहिले वाक्य 'देअर इज अ ट्रक इन द गोडाउन', दुसरे 'द ट्रक इज इन द गोडाउन'. माहीत असलेले आधी, नवे नंतर, ही शिस्त आपण बोलू लागल्यापासून पाळतो. ती कुणी शिकवलेली नसते, म्हणून ती आपल्याजवळ आहे हेही आपल्या लक्षात येत नाही.

म्हणजे इंग्रजीचा प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे: मी ज्याविषयी बोलतोय ते नेमके कोणते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल, किंवा त्याला लगेच ओळखता येईल, तर 'द'. नसेल तर 'अ'. बोलणाऱ्याला ठाऊक असून भागत नाही. मी काल ज्या ट्रकाखाली येता येता वाचलो तो मला पक्का आठवतो, पण तुम्हाला पहिल्यांदा सांगताना तो 'अ ट्रक'च. उपपद नामाला चिकटलेले दिसते, पण ते बोलतो ऐकणाऱ्याबद्दल.

म्हणूनच गाळलेल्या जागा भरून उपपदे शिकवण्याच्या पद्धतीवर माझा मोठा आक्षेप आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्यानंतरच्या पिढीने अशा रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या. 'आय सॉ', मग रेघ, मग 'डॉग'. या रेघेवर 'अ'ही बसते आणि 'द'ही बसते. कोणते बरोबर हे आधी काय बोलणे झाले त्यावर ठरते, आणि ते तर पानावर छापलेलेच नाही. ऐकणारा नसलेल्या वाक्यात मुलाने उत्तर शोधायचे कसे? तो अंदाज करतो, उत्तरसूचीत दुसरे उत्तर निघते, आणि उपपद म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ असे त्याच्या मनात कायमचे बसते. दोन वाक्ये एकापुढे एक दिली, तर तोच मुलगा फारसा चुकत नाही.

आजीच्या गोष्टीत ही दोन वाक्ये तयारच असतात. आटपाट नगरात एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. पहिल्या वाक्यातला 'एक राजा' म्हणजे 'अ किंग', दुसऱ्यातला नुसता 'राजा' म्हणजे 'द किंग'. मराठीने 'एक' काढून टाकला, एवढ्यावरून पोराला कळले की हा तोच राजा.

इंग्रजी 'अ'चा उगमही 'एक'मध्येच आहे. जुन्या इंग्रजीत एकाला 'आन' म्हणत. तो आकडा झिजत झिजत 'ॲन' आणि 'अ' झाला, आणि आकडा म्हणून 'वन' वेगळा उरला. त्यामुळे आपल्या प्रत्येक 'एक'साठी 'वन' वापरणे टाळावे. 'वन मॅन केम टू द ऑफिस' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, दोन येणार होते, एकच आला. संख्या सांगायची नसेल तर 'अ मॅन'.

उलट बाजूची अडचण 'तो'ची आहे. 'द' म्हणजे 'तो, ती, ते' असे बरेच जण मनात धरतात. 'तो ट्रक' म्हणताना आपण बोट दाखवतो, इतर ट्रकांपासून त्याला वेगळा काढतो. त्याचे इंग्रजी 'दॅट ट्रक'. 'द' बोट दाखवत नाही. तो एवढेच सांगतो की कोणता ते तुला माहीत आहे. मराठी वाक्यात 'तो' आला तरच 'द' लिहायचा असे ठरवले, तर निम्म्याहून अधिक 'द' गळून पडतात, कारण तिथे मराठीत नुसते नाम असते.

ऐकणाऱ्याला ठाऊक असणे हेही अनेक वाटांनी घडते. आधी उल्लेख झाला ही एक वाट झाली. दुसरी जास्त मजेची आहे. 'अ ट्रक केम ॲट नाइट. द ड्रायव्हर वॉज ॲस्लीप.' ड्रायव्हरचा उल्लेख पहिल्यांदाच होतोय, तरी 'द', कारण ट्रक म्हटला की त्याला ड्रायव्हर असणारच आणि तो एकच असणार. कंटेनर म्हटला की 'द सील', बिल म्हटले की 'द अमाउंट', माग म्हटला की 'द शटल'. पण 'अ टायर वॉज फ्लॅट', कारण टायर अनेक, त्यांतला कोणता ते सांगितलेले नाही. ज्याला मालाची आणि यंत्राची माहिती आहे त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही. आपल्या कामात कोणती वस्तू एकच असते आणि कोणत्या अनेक असतात, ते त्याला ठाऊकच असते. तिसरी वाट परिसराची: गोदामातल्या गोदामात 'क्लोज द गेट', 'आस्क द मॅनेजर'. अख्ख्या जगाला एकच म्हणून 'द सन', 'द मून' हे याच वाटेचे शेवटचे टोक.

कापडाच्या गावात एका गोष्टीचा घोळ फार होतो, आणि तो नीट सोडवण्यासारखा आहे. इंग्रजीत 'क्लॉथ' हे कापड म्हणून मोजायचे नाम नाही. 'भिवंडी प्रोड्यूसेस क्लॉथ' बरोबर. 'अ क्लॉथ' म्हटले तर टेबल पुसायचे फडके. 'यार्न' म्हणजे सूत. तेही नुसतेच यायला हवे, कारण बोलीत 'अ यार्न' म्हणजे रंगवून सांगितलेली लांबण लावलेली गोष्ट. 'कॉटन' आणि 'पॉलिस्टर' यांना अनिश्चित असताना काहीच लागत नाही. पण 'अ फॅब्रिक' चालते, कारण तिथे कापडाचा एक प्रकार असा अर्थ येतो. 'अ लूम', 'अ बीम' चालते, कारण माग आणि बीम मोजता येतात. 'आयर्न' लोखंड, 'ॲन आयर्न' कपड्यांची इस्त्री. 'मशीन' मोजता येते, 'मशिनरी' येत नाही. 'मशिनरीज' हा शब्द आपल्या पाट्यांवर भरपूर दिसतो, तरी प्रमाण इंग्रजीत तो खटकतो. 'इन्फर्मेशन', 'लगेज', 'फर्निचर', 'ॲडव्हाइस' हे सगळे याच जातीचे. मराठीत 'एक सल्ला देतो' सहज म्हणतात, इंग्रजीत 'ॲन ॲडव्हाइस' म्हणता येत नाही, 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावे लागते. 'एक काम कर' हे तर शब्दशः इंग्रजीत नेऊच नये.

पण हेच सूत ठरलेले असेल तर 'द' बिनधास्त येतो: 'द यार्न यू सेंट इज डॅम्प'. तुम्ही पाठवलेले, म्हणजे तुम्हाला माहीत असलेले. मोजता येणे किंवा न येणे हा प्रश्न फक्त 'अ'चा आहे, 'द'चा नाही.

'अ' कुठे आणि 'ॲन' कुठे, हा त्या मानाने सोपा भाग. इथे देवनागरी लिहिणाऱ्याच्या हातात एक साधन आहे, जे इंग्रजांच्या मुलांनाही मिळत नाही. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवते, आपली लिपी तो दाखवते. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा आणि पहिले अक्षर पाहा. स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. वन-वे रोड 'व'ने, म्हणून 'अ वन-वे रोड'. अवर 'अ'ने, ऑनेस्ट 'ऑ'ने, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन', स्पेलिंगमध्ये पहिले अक्षर एच असले तरी. आद्याक्षरांनाही हीच कसोटी लागते. वाहतुकीच्या पावतीला 'ॲन एलआर', मालासोबतच्या कागदाला 'ॲन ई-वे बिल', ठाणे पासिंगच्या गाडीला 'ॲन एमएच-०४ ट्रक'. पण 'अ जीएसटी नंबर' आणि 'अ यूपी ट्रक'. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारताला 'अ युनियन' म्हटले आहे, 'ॲन युनियन' नव्हे. कारण तेच 'य'.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे पुष्कळ जण 'एम'ला 'यम' आणि 'एल'ला 'यल' म्हणतात. तेलुगू वळण असलेल्या बोलण्यात हे विशेष ऐकू येते. तो उच्चार कसोटीला लावला तर उत्तर चुकेल. त्या दोन अक्षरांचा इंग्रजी उच्चार 'ए'नेच सुरू होतो.

'द'चा उच्चारही याच नियमाने बदलतो: 'द गोडाउन', पण 'दि ऑफिस'. महाराष्ट्रात कितीतरी जुन्या सहकारी बँकांच्या आणि संस्थांच्या पाट्यांवर पुढचे अक्षर कोणतेही असो, 'दि' असेच लिहिलेले असते, आणि नावाचा भाग म्हणून ते तसेच राहावे. बोलताना मात्र 'दि बँक' म्हणू नये.

पुढच्या उच्चाराप्रमाणे उपपदाने रूप बदलावे, हे भिवंडीतल्या अनेक मुलांना खरे तर लहानपणापासून ठाऊक असते. मशिदीलगतच्या मकतबात कुराण वाचायला शिकताना त्यांच्या तोंडात अरबीचे 'अल' बसते. हे अरबीतले निश्चित उपपद. 'अल-कमर' म्हणजे चंद्र. तिथे 'ल' ऐकू येतो. सूर्याला मात्र 'अश-शम्स', तिथे 'ल' पुढच्या 'श'मध्ये विरघळतो. अरबी व्याकरणकारांनी यावरून अक्षरांचे सूर्याक्षरे आणि चंद्राक्षरे असे दोन गटच पाडले. कापसाला अरबीत 'कुत्न' म्हणतात. त्यावरून इंग्रजीत 'कॉटन' आला तो उपपदाशिवाय, आणि स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' झाला तो उपपद पोटात घेऊन. ज्या मुलाने हे 'अल' तोंडपाठ म्हटले आहे, त्याला इंग्रजीच्या वर्गात कुणीतरी एकदा सांगावे, की 'द' त्याच जातीचा शब्द आहे. 'अ'साठी अरबीत वेगळा शब्द नाही. नामाच्या शेवटी येणारा 'न'चा उच्चार बहुधा ते काम करतो.

उपपदांचा बारीक विवेक पाहायचा असेल तर मी कुणालाही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांची नावे ओळीने वाचायला सांगेन. घरची भाषा मराठी असलेल्या माणसाने दिलेली ही नावे आहेत, आणि प्रत्येकात उपपदाचा किंवा त्याच्या अभावाचा अर्थ आहे. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. 'अ रुपी' म्हणजे खिशातला एखादा रुपया. 'द रुपी' म्हणजे चलन या नात्याने रुपया, एक संपूर्ण व्यवस्था. आणि प्रश्न रुपयाचा, म्हणजे ठरलेला, म्हणून त्यालाही 'द'. १९३६ चे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' पाहा. इथे 'कास्ट'ला काहीच नाही. 'अ कास्ट' म्हटले असते तर कोणतीतरी एक जात, 'द कास्ट' म्हटले असते तर ठरावीक एखादी जात. उच्छेद करायचा आहे तो एखाद्या जातीचा नाही, जात नावाच्या गोष्टीचाच. नामाआधीची ती मोकळी जागा हे सगळे सांगून जाते. १९१६ च्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात अनेकवचन आहे, पुन्हा उपपदाशिवाय, कारण तिथे भारतातल्या जातींचा सर्वसाधारण विचार आहे. 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) आणि 'द अनटचेबल्स' (१९४८) यांत 'द' अनेकवचनाला लागले आहे. तेव्हा अर्थ होतो तो समूह, एक घटक म्हणून अख्खा. आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आलेला 'द बुद्ध अँड हिज धम्म'. विशेषनामाला इंग्रजीत 'द' लागत नाही, मग इथे का? 'बुद्ध' हे जन्मनाव नव्हे. बोधी प्राप्त झालेला तो बुद्ध. सिद्धार्थाला 'द' लागत नाही, बुद्धाला लागते. 'द पेशवा' आणि 'द महात्मा' यांतही हेच होते.

या पाच-सहा नावांवर इंग्रजीचे दोन तास घेता येतील, आणि ते तास आपल्या शाळांत घेतले जावेत असे मला मनापासून वाटते. पोरांना ही नावे आधीच माहीत असतात.

गावांच्या नावांबाबत फार खोलात जायला नको. 'भिवंडी', 'ठाणे', 'पडघा' यांना काही लागत नाही. नद्यांना लागते: 'द कामवारी', 'द तानसा', 'दि उल्हास'. तलावाला लागत नाही, समुद्राला लागते. एकट्या शिखराला नाही, डोंगररांगेला आहे, म्हणून 'कळसूबाई' पण 'द सह्याद्रीज'. 'मुंबई युनिव्हर्सिटी' आणि 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' ही एकाच संस्थेची दोन नावे, पण 'ऑफ' आला की आधी 'द' येतो. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरांत 'द कोंकण' आणि 'द डेक्कन' असे आढळते, कारण त्यांच्या लेखी ही प्रदेशांची वर्णने होती, नावे नंतर झाली. इथे तर्क थोडा चालतो, बाकीचे वाचनाने अंगवळणी पडते.

आता गोदामातून रोज जातो तसा एक संदेश घेऊ. 'ट्रक रीच्ड गेट. ड्रायव्हर नॉट हॅविंग इन्व्हॉइस. फ्यू कार्टन्स आर वेट. प्लीज सेंड पर्सन.' अर्थ कळतो, कामही होते. पण हा संदेश पुढे माल पाठवणाऱ्या कंपनीकडे आणि विमा कंपनीकडे जाणार आहे, म्हणून तो नीट लिहू. ज्या ट्रकाची वाट पाहत होते तो आला, म्हणून 'द ट्रक हॅज रीच्ड द गेट'. ट्रक ठरला की 'द ड्रायव्हर' ठरला. प्रत्येक मालाबरोबर इन्व्हॉइस असायलाच हवे आणि ते एकच, म्हणून 'डझ नॉट हॅव दि इन्व्हॉइस'. इन्व्हॉइस 'इ'ने सुरू होते म्हणून उच्चार 'दि'. मात्र त्याच्याकडे त्याची प्रतही नसेल, तर 'अ कॉपी ऑफ दि इन्व्हॉइस', कारण प्रती कितीही असू शकतात. 'सेंड पर्सन'मध्ये कोणीही चालेल असा अर्थ आहे, तिथे 'सेंड समवन' बरे.

राहिले 'फ्यू कार्टन्स'. इथे सर्वांत जास्त जपावे. 'फ्यू कार्टन्स आर वेट' याचा इंग्रजी अर्थ 'भिजलेली खोकी अगदी थोडी, जवळजवळ नाहीतच' असा होतो. 'अ फ्यू कार्टन्स आर वेट' म्हणजे 'काही खोकी भिजली आहेत'. लिहिणाऱ्याला दुसरे म्हणायचे होते. पाण्याने नुकसान झाल्याची तक्रार करताना 'अ' राहिला, तर त्याच्याच शब्दांतून नुकसान नगण्य असल्याचा अर्थ काढता येईल. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतही हाच फरक आहे. आणि जिथे खोकी मोजणे शक्य असेल तिथे या दोघांच्या भानगडीत न पडता सरळ आकडा लिहावा: 'फोर्टीन कार्टन्स आर वेट'.